माझ्या टेबलावर चालतं

३ फेब्रुवारी, सोमवार

"तुझा कॉम्प्युटर हो म्हणतो आणि आमचा नाही म्हणतो. मग खोटं कोण बोलतंय?"

अधीक्षक मॅडमनी आज मला हा प्रश्न भरल्या खोलीत विचारला.  उत्तर सापडेपर्यंत तो इथे मांडून ठेवते आहे.

रुग्णालयाच्या वेबसाइटवर मी एक पान बनवलं आहे. रक्ततपासणीला आलेल्या माणसाला चिठ्ठीवर एक नंबर मिळतो. तो नंबर त्याने घरबसल्या पानावर टाकायचा. पान सांगेल, "अहवाल तयार आहे, या." किंवा सांगेल, "अजून तयार नाही, येऊ नका." त्यातला "येऊ नका" मला फार आवडतो. बाबा तापाने पडले होते तेव्हा आई कामावर खाडा करून याच रुग्णालयात यायची, रांगेत उभी राहायची आणि खिडकीतून "उद्या या" ऐकून परत जायची. घरी येऊन ती भांडी जोरजोरात घासायची.

पानामागे एक छोटा प्रोग्राम आहे. तो सर्व्हरवर बसतो, नंबर घेतो, प्रयोगशाळेच्या नोंदींत शोधतो आणि उत्तराचं वाक्य तयार करतो. माझ्या टेबलावरच्या कॉम्प्युटरवर तो डोळ्याचं पातं लवायच्या आत उत्तर देतो. आज सगळ्यांसमोर खऱ्या सर्व्हरवर दाखवायचा होता. मॅडमनी घाईघाईत पेनड्राइव्हवरून तो चढवायला लावला. मी नंबर टाकला, बटण दाबलं. पांढऱ्या पडद्यावर ओळ आली: "५००. सर्व्हरमध्ये अंतर्गत बिघाड."

प्रयोगशाळेतल्या ताई म्हणाल्या, "अहो इंजिनीअरीणबाई, यापेक्षा खिडकी बरी. ती निदान उद्या या तरी म्हणते!"

सगळे हसले. मीही हसले, कान मात्र गरम झाले होते. मी म्हणाले, "मॅडम, माझ्या टेबलावर चालतं." त्यावर तो वरचा प्रश्न आला.

एकवीस तारखेला विश्वस्त येणार आहेत. तोवर चाललं तर पान राहील, नाही तर प्रयोग बंद, आणि मला ज्या कामासाठी घेतलं ते कामच संपेल. मॅडमनी जाता जाता आणखी एक सांगितलं: "पेनड्राइव्ह वगैरे पुरे. यापुढे सगळं रीतसर, जावकमधून."

वाईट वाटायला हवं होतं, पण मला आतून कसलीतरी उकळी फुटते आहे. कॉलेजात गणित चुकलं की पुस्तकाच्या मागे उत्तर असायचं. इथे मागे कोणतंच पान नाही!

४ फेब्रुवारी, मंगळवार

रीतसर म्हणजे काय ते आज कळलं. मला सर्व्हरला हात लावायची मुभा नाही. मी फाइल एका सामाईक फोल्डरमध्ये ठेवायची. ती जावक विभागातले काका पाहणार आणि पुढे पाठवणार. सर्व्हर पलीकडच्या इमारतीच्या तळघरात आहे. तिथला माणूस फाइल जागेवर ठेवणार. त्याला सगळे तळघरवाले म्हणतात. तो फोन उचलून "बोला, तळघर" असंच म्हणतो. म्हणजे माझ्या चिमुकल्या प्रोग्रामला वरात काढून जायचं आहे.

जावककाका रुग्णालयात मॅडमच्याही आधीपासून आहेत. बाहेर जाणाऱ्या प्रत्येक कागदावर क्रमांक आणि तारीख घातल्याशिवाय ते तो सोडत नाहीत. लोक त्यांना कंटाळतात. मला आवडले. त्यांनी मला खुर्ची दिली आणि विचारलं, "मुली, तुमच्या या भाषेत शेरा कसा मारतात? माणसानं वाचावा, पण यंत्रानं सोडून द्यावा असा?"

मला इतका आनंद झाला! इथे आल्यापासून माझ्या कामाबद्दल कोणी काही विचारण्याची ही पहिलीच वेळ. मी त्यांना जाळीचं चिन्ह (#) काढून दाखवलं आणि सांगितलं, ओळीच्या सुरुवातीला ही जाळी घातली की यंत्र ती ओळ वाचत नाही.

"वा! म्हणजे यंत्रालाही ‘तू मधे बोलू नको’ म्हणता येतं," काका म्हणाले. मग पडद्यावर बोट ठेवून म्हणाले, "पण तुझी पहिली ओळही जाळीनंच सुरू होते की. ती पण सोडून देतं का?"

"नाही काका, ती वेगळी. तिच्यात सर्व्हरला सांगितलेलं असतं, की..."

तेवढ्यात तळघरातून फोन आला आणि ते राहून गेलं. पुन्हा कधीतरी सांगेन. ज्या कार्यालयात असा एक जरी जिज्ञासू माणूस आहे तिथे काय अशक्य आहे?

६ फेब्रुवारी, गुरुवार

सापडलं!

सर्व्हरवर फाइल वाचायची परवानगी वेगळी असते आणि चालवायची वेगळी. माझ्या फाइलला फक्त वाचायची होती. म्हणजे सर्व्हर माझा प्रोग्राम हातात धरून बसला होता, पण तो चालवायला त्याला कोणी सांगितलंच नव्हतं. मी दुपारभर वाचत होते, ते वाक्य दिसल्यावर खुर्चीवरून उडालेच.

तळघरवाल्यांना फोन लावला. "बोला, तळघर."

"चालवायची परवानगी द्या. या फाइलला आणि यापुढे येणाऱ्या प्रत्येक फाइलला!"

"ओरडू नका, देतो."

मी ताजी फाइल काकांकडे दिली, काकांनी ती लगेच पुढे पाठवली. "तुझं काम मी थांबवून ठेवत नाही हं," असंही म्हणाले. किती सहकार्य!

संध्याकाळी बटण दाबलं. ५००.

तरी परवानगी नव्हती हे खरंच होतं. म्हणजे एक दोष निघाला आणि मागे दुसरा आहे.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

आता मात्र नक्की सापडलं. माझा कॉम्प्युटर प्रत्येक ओळीच्या शेवटी एक न दिसणारं चिन्ह जास्तीचं टाकतो. प्रोग्रामच्या पहिल्या ओळीत सर्व्हरला सांगावं लागतं की ही फाइल कोणाकडून वाचून घ्यायची. ते न दिसणारं चिन्ह त्या नावाला चिकटतं, आणि असल्या शेपटीवाल्या नावाचा कोणी वाचणारा सर्व्हरकडे नसतो. बिचारा शोधून थकतो आणि ५०० म्हणतो.

सगळ्या शेपट्या छाटल्या. काकांकडे गेले. ते म्हणाले, "पुन्हा? बरं, पुन्हा. प्रत्येक वेळी नवा क्रमांक पडतो, एवढं लक्षात ठेव." मी म्हटलं, पडू दे काका, शेवटचाच आहे.

५००.

८ फेब्रुवारी, शनिवार

बाबा रंगकाम करतात. सध्या एका शिक्षिकेच्या घराला रंग देत आहेत. काल त्यांनी शिडीवरून उतरून तिला माझं पान मोबाइलवर उघडून दाखवलं.

"पाचशे आले," मला घरी येऊन सांगितलं. "कितीपैकी गं?"

"बाबा, ते गुण नाहीत. तो बिघाड आहे."

"असं होय." त्यांनी हातावरचा रंग खरवडला. "मी त्यांना म्हणालो, बघा, पहिल्याच झटक्यात पाचशे."

आई शर्टांना बटणं लावत होती. हसता हसता तिच्या हातातली सुई खाली पडली. मग आम्ही तिघंही जमिनीवर बसून सुई शोधत होतो आणि हसत होतो. बाबांनी रंगाच्या दुकानात, पानवाल्याकडे, सगळीकडे सांगून ठेवलं आहे की एकवीस तारखेला माझ्या मुलीचं पान उघडणार. मी म्हटलं, अहो, इतक्यात सांगू नका. ते म्हणाले, "आमच्या घरात आधी कधी काही उघडलंय का? सांगू दे."

११ फेब्रुवारी, मंगळवार

काकांशी पहिलं भांडण. चाचणीसाठी मी प्रयोगशाळेच्या खऱ्या नोंदींची एक फाइल घेतली होती. नंबर, नाव, कोणती तपासणी, सगळं होतं. ती प्रोग्रामच्याच फोल्डरमध्ये राहिली आणि मी पूर्ण फोल्डर पुढे पाठवायला दिला. काकांनी परत केला.

"यात माणसांची नावं आहेत. कोणाला काय झालंय तेही आहे. हे बाहेर जाणार नाही."

"काका, ते फक्त चाचणीचं आहे. तुम्ही कशाला उघडून बघता?"

"न बघता पाठवायचं असतं तर इथे मला कशाला बसवलं असतं? टपालपेटी बसवली असती."

मी तणतणत ती फाइल काढली आणि बाकीचं पुन्हा दिलं. अर्धा दिवस गेला. एकवीस तारीख तोंडावर आली आणि इथे एकेक फोल्डर चाळत बसायचं! थेट सर्व्हरवर हात मिळाला तर मी हे सगळं एका बैठकीत संपवीन. काका चांगले आहेत, पण काळ पुढे गेला आहे हे त्यांना कोण सांगणार?

पान आजही ५००.

१२ फेब्रुवारी, बुधवार

सर्व्हर आपल्या तक्रारी एका नोंदीत लिहून ठेवतो. तळघरवाल्यांनी शेवटी ती फोनवर वाचून दाखवली: फाइलची घडण ओळखता येत नाही. म्हणजे, आपल्यापुढे काय ठेवलं आहे हेच त्याला कळत नाही. मी पहिली ओळ अक्षर अन् अक्षर तपासली. वाचणाऱ्याचं नाव बरोबर, त्याचा पत्ता बरोबर. तळघरवाल्यांनीही पत्ता बरोबर असल्याचं सांगितलं.

मग कळत कसं नाही रे तुला, गाढवा?

(सर्व्हरला म्हणते आहे. तळघरवाल्यांना नव्हे.)

१७ फेब्रुवारी, सोमवार

आजचा दिवस मी कधी विसरणार नाही.

मी ठरवलं की सगळा पसारा बाजूला ठेवायचा. दोनच ओळींचा प्रोग्राम लिहिला. पहिल्या ओळीत वाचणाऱ्याचं नाव, दुसरीत "नमस्कार म्हण." याहून सोपं जगात काही नाही. काकांकडे दिला. ते चष्मा सरकवत म्हणाले, "एवढासाच? यापेक्षा माझाच मजकूर मोठा व्हायचा." पुढे पाठवला.

५००.

म्हणजे दोष माझा नव्हे! सर्व्हरच बिघडलेला आहे! मी धावत पलीकडच्या इमारतीत गेले, जिना उतरले. थंड खोली, पंख्यांचा एकसुरी आवाज, वायरींचे गठ्ठे आणि मफलर गुंडाळून बसलेले तळघरवाले. मी त्यांना पहिल्यांदाच पाहिलं. फोनवरून मला ते म्हातारे वाटले होते, निघाले माझ्याहून जेमतेम मोठे.

"तुमचा सर्व्हर नमस्कारसुद्धा म्हणत नाही," मी म्हटलं.

"माणूस बघून म्हणतो तो."

"चेष्टा नको. बिघडलाय."

त्यांनी कीबोर्ड ओढला. माझ्या चिठ्ठीवरून त्याच दोन ओळी तिथल्या तिथे टाइप केल्या, जागेवर ठेवल्या, परवानगी दिली. पान उघडलं.

नमस्कार.

मी चिठ्ठी पाहिली, पडदा पाहिला. त्याच दोन ओळी. तोच सर्व्हर. त्यांच्या हातचं चाललं, माझ्या हातचं नाही.

"हातगुण असतो एकेकाचा," ते म्हणाले आणि मफलर सारखा केला.

मला राग यायला हवा होता. पण परत येताना मी अक्षरशः उड्या मारत जिना चढले. आता कोडं किती छोटं झालं आहे! प्रोग्राम निर्दोष, सर्व्हर निर्दोष. दोघंही खोटं बोलत नाहीत. मग मधे काय आहे?

१८ फेब्रुवारी, मंगळवार

मधे वायर आहे. आज दिवसभर वायरीच्या मागे होते. पाठवताना फाइलमधली अक्षरं गळतात की काय, असं वाटलं. तळघरवाल्यांना फाइलची लांबी विचारली. त्यांच्याकडची माझ्या फाइलपेक्षा लांब निघाली! म्हणजे गळत नाही, वाढते! वायरीत काही वाढतं असं मी कधी ऐकलं नव्हतं. जुन्या वायरीत असं होत असेल का? काकांना विचारलं, त्यांच्या विभागातल्या वायरी कधीच्या आहेत. ते म्हणाले, "फार जुन्या, माझ्याएवढ्या." मी मान डोलावली.

सर्व्हरवरची फाइल मला माझ्या डोळ्यांनी बघू द्या, असं मॅडमना सांगितलं. त्या म्हणाल्या, "बघायला काय, बघ. हात लावू नको."

१९ फेब्रुवारी, बुधवार

बघितली.

पहिल्या ओळीत, अगदी वर, जाळीचं चिन्ह घालून, दोन्ही बाजूंना समान जागा सोडून लिहिलं होतं: जावक क्रमांक, आणि पुढे तारीख. त्याखाली माझी पहिली ओळ. जी आता पहिली नव्हती.

सर्व्हर कोणाकडून वाचून घ्यायचं ते फक्त पहिल्या ओळीत शोधतो. तिथे त्याला जावक क्रमांक मिळत होता. काकांनी माझ्या प्रत्येक फाइलला क्रमांक घातला होता. बाहेर जाणारा कागद आहे ना! आणि यंत्राने वाचू नये म्हणून जाळीही घातली होती, जी मी शिकवली.

मी इतक्या मोठ्याने हसले की तळघरवाले उठून उभे राहिले.

"तुम्हाला ही ओळ दिसली नाही कधी?"

"रोज दिसायची. मला वाटलं, तुम्हीच घालता. किती नीटनेटकं आहे."

काकांकडे गेले तेव्हा मात्र हसू आवरलं. त्यांना सांगितलं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला, पुन्हा काढला.

"म्हणजे इतके दिवस... मीच?"

"आपण दोघांनी मिळून, काका. जाळी मी शिकवली, आणि पहिल्या ओळीचं सांगायचं राहिलं तेही माझंच."

"पण क्रमांक तर घालावा लागेल," चष्मा चढवून ते म्हणाले. "उद्या कोणी विचारलं, ही फाइल कधी गेली, कोणी पाठवली, तर?"

"तळाला घाला ना."

"तळाला!" मी त्यांना बूट डोक्यावर ठेवा म्हटल्यासारखं ते माझ्याकडे बघायला लागले. मग कपाटातून नियमांचं पुस्तक काढलं आणि बोट फिरवत वाचलं. "पहिल्या पानावर असावा... पानावर म्हटलंय. ओळीत म्हटलेलं नाही." त्यांनी पुस्तक मिटलं. "तुझी फाइल आहेच एका पानाची. घालतो तळाला."

शेवटच्या ओळीत क्रमांक घातला. फाइल तळघरात गेली. मी आणि काका एकाच पडद्यासमोर. मी नंबर टाकला, बटण काकांना दाबायला लावलं.

"अजून तयार नाही, येऊ नका."

काका घाबरले. "नाही म्हणतंय!"

"काका, बरोबर म्हणतंय! हेच म्हणायला हवं!" आणि मी त्यांचे दोन्ही हात धरून गदागदा हलवले.

२० फेब्रुवारी, गुरुवार

मॅडमनी विचारलं, "कोणाची चूक होती?"

"रस्त्यात होती, मॅडम."

"रस्त्यात कोण बसतं ते मला माहीत आहे." त्यांनी फोन उचलला आणि तळघराला सांगितलं की आजपासून मला सर्व्हरवर थेट जाऊ द्या. "आता मधे कोणी नको. तुझं काम, तुझा हात."

मला आकाश ठेंगणं झालं! स्वतःचा पासवर्ड! आता परवानगी मागायची नाही, वाट बघायची नाही. मी लगेच पानाची अक्षरं मोठी केली, वयस्कर माणसांसाठी. चहा येऊन थंड होण्याआधी बदल जगाला दिसू लागला.

काकांना सांगितलं. ते म्हणाले, "बरं झालं. तेवढाच माझ्या डोळ्यांना आराम." त्यांना खरंच बरं वाटलं असणार. दुपारभर खिडकीबाहेर बघत निवांत बसले होते.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

चाललं! विश्वस्तांसमोर, सगळ्यांसमोर, पहिल्या झटक्यात! प्रयोगशाळेतल्या ताईंनी स्वतः नंबर टाकून पाहिला आणि म्हणाल्या, "इंजिनीअरीणबाई, आता आमच्यावर नजर ठेवणार का तुमचं पान? अहवाल उशिरा दिला की जगाला कळणार!" विश्वस्त हसले. पान कायमचं ठेवायचं ठरलं. मॅडमनी माझ्या पाठीवर थाप मारली, जरा जोरातच.

पण खरा आनंद त्यानंतर झाला. चौकशी खिडकीतला फोन वाजला. पलीकडे लांबच्या गावातली एक बाई होती. खिडकीतल्या माणसाने ऐकून घेतलं, माझ्याकडे पाहिलं आणि फोनवर झाकण ठेवल्यासारखा हात ठेवून म्हणाला, "ही विचारते, पान म्हणतंय येऊ नका. खरंच नको येऊ का?"

"खरंच नका येऊ म्हणावं!"

"खरंच नका येऊ, बाई," तो फोनवर म्हणाला. "घरी थांबा."

घरी आल्यावर आईला हे सांगितलं.  ताट वाढताना तिने मला विचारलं, "ती बाई, कुठे कामाला जाते म्हणालीस?" मी म्हटलं, मला कसं माहीत? "जाऊ दे," ती म्हणाली, "आजचा दिवस तिचा वाचला." आणि भांडी अगदी हळू, आवाज न करता घासली.

बाबा तेवढ्यात सगळीकडे सांगून आले होते.

२५ फेब्रुवारी, मंगळवार

आज जे झालं ते जसंच्या तसं लिहिते.

मी पानावर नवी सोय केली. अहवाल कधी तयार होईल त्याचा अंदाज दाखवायची. उत्साहात होते. माझ्या टेबलावर चाललं, म्हणून जेवणाआधी पूर्ण फोल्डर थेट सर्व्हरवर चढवला. चाललं. मी टाळी वाजवली आणि जेवायला गेले.

परत येऊन सहज सर्व्हरवरच्या फाइलींवर नजर टाकली. प्रोग्रामच्या शेजारी नोंदींची फाइल होती. तीच. नंबर, नावं, कोणती तपासणी. चाचणीसाठी मी ती माझ्या फोल्डरमध्ये पुन्हा ठेवली होती. पत्ता टाइप केला तर ती जगातल्या कुठल्याही माणसाला उघडता आली असती. विश्वास बसेना म्हणून मीच उघडून पाहिली. पहिल्याच ओळीत एका बाईचं नाव होतं, आणि पुढे अशी तपासणी, की ती तिने घरातही सांगितली नसेल.

पुसून टाकली. तळघरात फोन केला. 

"बोला, तळघर."

ती फाइल कोणी उघडली का ते बघा म्हटलं. त्यांनी सर्व्हरची नोंद पाहिली.  मग म्हणाले, "एकदाच उघडली गेलीय. तुमच्याच कॉम्प्युटरवरून. दुसरं कोणी नाही."

मी टेबलावर डोकं टेकलं. कोणी पाहिलं नाही. पण दार उघडं होतं, आणि ते मी उघडलं होतं. या वेळी ५०० आलं नाही. सर्व्हरने एका शब्दाने हरकत घेतली नाही. त्याने कशाला घ्यावी? त्याच्या दृष्टीने सगळं बरोबर होतं. जावकमध्ये हे कधीच पुढे गेलं नसतं. गेलं नव्हतंच. तेव्हा मी तणतणले होते.

२६ फेब्रुवारी, बुधवार

सकाळी मॅडमकडे गेले आणि सगळं सांगितलं.

"कोणी पाहिलं?"

"नाही."

"कोणाला कळलं?"

"मला आणि तळघराला."

"मग मला कशाला सांगतेस?" त्यांनी पेन खाली ठेवलं. "पान चाललंय. विश्वस्त खूश आहेत. पुन्हा करू नको, झालं."

"मी पुन्हा करीन, मॅडम. मला माझा स्वभाव कळला. चाललं की मी टाळी वाजवते, शेजारी काय पडलंय ते बघत नाही. माझी थेट परवानगी काढून घ्या. फाइली जावकमधून जाऊ देत."

"आधी तीच हवी होती ना तुला? जावकमध्ये दिवस जायचा तुझा."

"जाऊ दे. अर्धा जातो."

त्यांनी पेन पुन्हा उचललं. "माझी काही हरकत नाही," शेवटी म्हणाल्या. "तळघराला तूच सांग. आणि काकांनाही. मी त्यांना बाजूला केलं आहे, आता परत बोलावणं मला बरं दिसत नाही."

तळघरवाले म्हणाले, "लोक परवानगी मिळवायला जिना उतरतात. काढून घ्यायला उतरलेल्या तुम्ही पहिल्याच." त्यांनी माझं खातं बंद केलं. मी तिथेच बसून पासवर्ड टाकला. "परवानगी नाही," असं आलं. मी आणखी एकदा टाकला. परवानगी नाही. मला इतकं हायसं वाटलं की मी त्यांचा थंड झालेला चहा न विचारता पिऊन टाकला.

मग काकांकडे. त्यांच्या टेबलावर काहीच कागद नव्हते. कालची गोष्ट सांगितली, काही न लपवता. मला वाटलं, आता ऐकून घ्यावं लागणार. ते एवढंच म्हणाले, "नावं निघाली ना तिथून? नक्की?"

"नक्की. दोनदा पाहिलं."

"बरं." चष्मा चढवला. "म्हणजे माझी कटकट परत हवी म्हणतेस."

"हवी. पण एक अट आहे. रोज अर्धा तास मी तुम्हाला प्रोग्राम वाचायला शिकवणार. पूर्ण वाचायला, नुसती जाळी नाही. मी उद्या नसले तरी हे पान बंद पडता कामा नये."

"या वयात?"

"या वयात. पहिली ओळ तर तुम्हाला येतेच."

ते हसले नाहीत. त्यांनी शेजारची खुर्ची ओढली, तिच्यावरची धूळ हाताने झटकली आणि सरकवून माझ्यापुढे केली. मी बसले. अंदाज दाखवायची नवी सोय, आता फक्त एकच फाइल, मी सामाईक फोल्डरमध्ये ठेवली. त्यांनी ती उघडली आणि बोट ठेवून वरून खाली वाचायला सुरुवात केली. दुसऱ्याच ओळीला थांबून विचारलं, "हे काय म्हणतंय?"

मी सांगायला लागले. फाइल दुपारी उशिरा तळघरात गेली.